दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

शनिवारी सकाळी मी पोहे परतत असते आणि दिवाणखान्यात एक मेलेला माणूस खाकरतो. आधी खाकरतो, मग नाक ओढतो, मग हातातला ग्लास कशावर तरी आपटतो, आणि मग कुठे गाणं सुरू होतं. माझा नवरा सोफ्यावर डोळे मिटून बसलेला असतो. "ऐकलंस? हे सगळं ठेवलंय त्यांनी. काहीच कट नाही केलं," असं तो दर शनिवारी नव्याने सांगतो. मला ऐकू येतं, मी बहिरी नाही. फोडणीच्या वासात परक्या माणसाचा कफ ऐकायची पाळी फार थोड्या बायकांवर येत असेल.

ही रेकॉर्ड म्हणजे कंट्री संगीताच्या भक्तांची पोथी आहे म्हणे. बऱ्याच वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या कुठल्याशा पत्र्याच्या छपराच्या नाचघरात, दारू पीत बसलेल्या लोकांसमोर ती एका बैठकीत मुद्रित झाली. कव्हरवर गायकाचा फोटो आहे. शर्ट काखेत भिजलेला, पट्ट्याचं बक्कल बशीएवढं आणि चेहरा आत्ताच कुणाशी तरी भांडून आल्यासारखा. गाण्यांचे विषय तीनच. बायको सोडून गेली, ट्रक बंद पडला, दारू संपली. प्रत्येक गाण्यात मध्येच कुणीतरी शिट्टी मारतं, कुणीतरी टेबल बडवतं, आणि एका ठिकाणी तर चक्क बाटली फुटते. नवऱ्याच्या मते हीच सगळी गंमत आहे. "स्टुडिओमध्ये काय यार, कोणीपण परफेक्ट गातं. हे रॉ आहे, रियल आहे." फिनिक्समधल्या एका जुन्या रेकॉर्डींच्या दुकानातून त्याने ती शोधून आणली. मऊ ब्रशने तो ती अशी पुसतो की देव्हाऱ्यातल्या टाकांनाही आमच्या घरात इतका हळुवार हात कधी लागला नसेल.

मला ती रेकॉर्ड नजरेसमोरही नको असायची. त्याला कारण होतं, आणि ते नवऱ्याला ठाऊक असूनही तो ते बोलत नव्हता, याचा राग त्याहून मोठा होता.

मी गाणारी आहे. होते म्हणा. नागपूरला शाळेत असल्यापासून लग्न होईपर्यंत एका बाईंकडे शिकले. बाई पेटी घेऊन बसायच्या. विद्यार्थिनीची चूक झाली तर त्या ओरडत नसत, मारतही नसत. फक्त पेटीचा भाता मिटायच्या. खट्‌ असा बारीक आवाज व्हायचा आणि खोलीत अशी शांतता पसरायची की आपण कुणाच्या तरी वाढलेल्या ताटात थुंकलो असं वाटावं. मग पुन्हा पहिल्यापासून. त्या खट्‌ची धास्ती माझ्या अंगात इतकी मुरली की पुढे कुठेही गायला बसले की माझा एक कान कायम त्या भात्याकडे लागलेला असायचा.

नवऱ्याने मला पहिल्यांदा पाहिलं ते गातानाच, एका कोजागिरीच्या कार्यक्रमात. "तुझं गाणं ऐकलं आणि घरी जाऊन हो सांगून टाकलं," हे तो आमच्या लग्नाच्या प्रत्येक वाढदिवसाला चारचौघांत सांगायचा. गाताना मी त्याच्याकडे बघायचे, आणि त्याच्या चेहऱ्यावर एक भाव यायचा, लहान मुलाला जत्रेत नेल्यावर येतो तसा. लग्नानंतर अमेरिकेत, ॲरिझोनातल्या चँडलरला आल्यावरही तो चेहरा मला वर्षानुवर्षं मिळत राहिला. तो दिवसभर कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या सुटात वावरायचा, मी शाळेत सातवीच्या मुलांना गणित शिकवायचे, आणि संध्याकाळी भाजी चिरता चिरता मी काहीतरी गुणगुणले की तो टीव्ही बंद करून किचनच्या दारात उभा राहायचा.

दोन वर्षांपूर्वी माझ्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण आवाजाच्या शिरेला धक्का बसला. डॉक्टरीण म्हणाली, येईल कदाचित, नाहीही येणार. बोलणं परत आलं, जरा घोगरं. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचत नाही म्हणून शाळेने गळ्यात अडकवायला एक छोटा माइक दिला. गाणं मात्र गेलं. खालचे सूर लागतात, मधलेही लागतात, पण तार सा जवळ आला की आवाजाची दोन शकलं होतात आणि त्यातून जे निघतं ते ऐकून कोंबड्यालाही लाज वाटावी. बरं वाटायला लागल्यावर एकदा किचनमध्येच मी म्हणून पाहिलं. नवरा दारात येऊन उभा राहिला. आवाज फुटला. त्याने चटकन खाली फरशीकडे बघितलं आणि म्हणाला, "पाणी देऊ का?"

बस. त्यानंतर मी गायले नाही आणि त्यानेही कधी गा म्हटलं नाही. काही महिन्यांनी घरी एक मोठं खोकं आलं. त्यात रेकॉर्ड प्लेयर होता. "घर फार शांत वाटतं गं," असं तो म्हणाला.

म्हणजे माझा आवाज फाटला म्हणून माझं गाणं बंद झालं, आणि माझ्या जागी घरात आला कोण, तर माझ्याहून फाटक्या आवाजाचा, घामेजलेला, मेलेला दारुडा. आणि त्याच्या फाटण्याचं कौतुक मी पोहे हलवत ऐकायचं.

कौतुक कशाचं, तर दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्याचं. त्या गाण्यात गायक वर चढायला जातो आणि त्याचा आवाज साफ फुटतो. इतका की तो थांबतोच. गिटार थांबते, मागचं वाद्य आणखी दोन पावलं चालून थांबतं. मग तो हसतो. लाजून नाही, हातातला चहा सांडल्यावर माणूस हसतो तसा. आणि गर्दीतून एक बाई ओरडते, "टेक युवर टाइम, हनी!" सावकाश होऊ दे रे बाबा, आम्हाला काही घाई नाही. सगळं नाचघर टेबलं बडवतं आणि तो पुन्हा सुरू करतो. या जागी माझा नवरा डोळे न उघडता त्या बाईबरोबर ते वाक्य म्हणतो. दर शनिवारी. "टेक युवर टाइम, हनी." मेलेल्या माणसाला. मी झारा कढईवर जरा जोरात आपटते, पण भक्ताला ते कुठलं ऐकू यायला.

इथली शाळा मेअखेरीस सुटते. चँडलरचा उन्हाळा म्हणजे पत्रपेटीपर्यंत गेलं तरी चपलेचा तळ मऊ पडतो, त्यामुळे जूनभर मी घरातच होते. नवरा कामावर, लेक न्यू जर्सीत पिस्कॅटवेला नोकरीवर. एका दुपारी काय झालं माहीत नाही, मी ती रेकॉर्ड लावली. बाईंसारखं बसून त्या माणसाच्या चुका काढाव्यात, एवढाच विचार होता. आणि चुका निघाल्या की! शब्द गिळतो. ताल सोडतो आणि दोन ओळींनी पकडतो. एका गाण्याचं दुसरं कडवं विसरतो आणि पहिलंच परत म्हणतो. मला शिसारी येत होती आणि मी उठून ती बंद करत नव्हते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. मग रोजच. तिसऱ्या गाण्यापाशी सुई परत मागे न्यायला शिकले. हळूहळू मला कळलं की मी आवाज फुटण्यासाठी ते ऐकतच नाही. मी ऐकते ते फुटल्यानंतरचं. सगळी वाद्यं थांबलेली असतात आणि भाता मिटल्याचा आवाज काही येत नाही. जिथे माझ्या आयुष्यात कायम खट्‌ झालं होतं, तिथे या माणसाला एक बाई सावकाश घे म्हणते आणि शंभर दारुडे टेबलं बडवतात. मग तो पुन्हा त्याच जागी जातो. आवाज परत फुटतो, पण या वेळी तो थांबत नाही, तुटक्या फळीवरून ओढा ओलांडावा तसा पलीकडे जातो. त्या पत्र्याच्या छपराखालची एकही व्यक्ती मी ओळखत नव्हते आणि मला त्या सगळ्यांचा भयंकर हेवा वाटत होता. संध्याकाळी गॅरेजचं दार उघडल्याचा आवाज आला की मी सुई उचलून रेकॉर्ड पाकिटात घालायचे. पन्नाशीच्या बाईने चोरून कंट्री ऐकावं, याची मलाच किळस यायची.

ऑगस्टमध्ये मराठी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. तेही एका चिपच्या कारखान्यात आहेत, माझ्या नवऱ्याच्या नव्हे, दुसऱ्या. वयाने आमच्याहून लहान, उत्साह मात्र तीन माणसांचा. "वहिनी, दिवाळीला तुमचं गाणं हवंच. पब्लिक डिमांड आहे."

मी म्हटलं, "ऑपरेशननंतर माझा आवाज लागत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"अहो वहिनी, आवाजाचं टेन्शन घेऊच नका! आता आपली प्रोसेसच चेंज केलीय."

त्यांची प्रोसेस अशी होती. मागे एका वर्षी माइकने शिट्टी घातली, एक काका गाण्याचे शब्द विसरले, एका काकूंचा सूर तबल्याशी जमेना, आणि कार्यक्रम पडला. अध्यक्षांचा सगळा जन्म चिपवर धुळीचा कण बसू नये म्हणून झटण्यात गेलेला. त्यांनी ठरवलं की मंडळातही झिरो डिफेक्ट. आता प्रत्येकाचं गाणं महिनाभर आधी त्यांच्या घरी मुद्रित होतं. मग ते कॉम्प्युटरवर घालून प्रत्येक सूर जागच्या जागी बसवतात. कार्यक्रमाच्या दिवशी माइक बंद, वरून मुद्रण चालू, आणि गाणाऱ्याने हातवारे करत ओठ हलवायचे. "रिस्कच नाही ना! यील्ड हंड्रेड परसेंट," ते म्हणाले, म्हणजे कारखान्याच्या भाषेत एकही नग वाया नाही. पोस्टरवर मात्र मोठ्या अक्षरात लाइव्ह लिहिलेलं असतं. हे गाणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे, ऐकणाऱ्यांना नाही. आणि गाणारे कशाला बोलतील? स्वतःच्या पायावर धोंडा कोण मारून घेईल?

मला तिथेच फोन ठेवून द्यायला हवा होता. पण मी नाही म्हणाले नाही. नवऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, तो कमिटीच्या वाटेला कधी गेलाच नाही. आणि मला एकदा, फक्त एकदा, तो जत्रेतल्या मुलाचा चेहरा परत बघायचा होता. यापलीकडे दुसरं काही नाही.

ॲरिझोनातल्या घरांना तळघर नसतं, त्यामुळे अध्यक्षांचा स्टुडिओ त्यांच्या बेडरूमच्या क्लॉझेटमध्ये, म्हणजे कपड्यांच्या खोलीवजा कपाटात आहे. दोन्ही बाजूंना बायकोच्या साड्या लटकलेल्या, त्याने आवाज घुमत नाही म्हणतात. एका बाजूला पैठण्या आणि कांजीवरम, दुसऱ्या बाजूला त्यांचे कोट, खाली सगळ्या घरादाराचे बूट. डांबराच्या गोळ्यांचा आणि मोज्यांचा मिळून असा वास होता की षड्ज लावायला तोंड उघडलं तर तो घशात उतरावा. माझ्या नाकासमोर एक मोरपंखी पदर लोंबत होता. कानात हेडफोन, त्यातून वाद्यमेळ. मी माझं नेहमीचं भावगीत म्हटलं, नवऱ्याच्या आवडीचं. अंतऱ्यात आवाज फुटला तेव्हा मी थांबले. क्लॉझेटच्या दाराबाहेरून अध्यक्ष ओरडले, "चालू द्या चालू द्या वहिनी! फक्त शब्द म्हणा, सुराचं मी बघतो!"

सुराचं मी बघतो. हे वाक्य माझ्या बाईंनी ऐकलं असतं तर त्यांनी भाता नाही, माणूस मिटला असता.

पंधरवड्याने त्यांनी मला ते तयार गाणं ऐकवलं. मी खुर्चीत बसून राहिले. तो माझाच आवाज होता. ऑपरेशनआधीचा, किंवा त्याहूनही तरुण. तार सा असा लागला होता की त्यात केस घालायला जागा नव्हती. "आता बोला!" अध्यक्ष म्हणाले. मी रडले. त्यांना वाटलं आनंदाने.

कार्यक्रम एका हायस्कूलच्या सभागृहात, रविवारी दुपारी. बाहेर लॉबीत जेवणाची खोकी रचलेली, त्यातल्या बटाटेवड्यांचा तेलकट वास पडद्यामागेपर्यंत येत होता. मराठी माणूस परदेशात कितीही शिकला तरी खोकी संपतील की काय ही धास्ती त्याला सोडत नाही, त्यामुळे अर्धं सभागृह मध्यंतराआधीच उठून खोकी घेऊन आलं होतं. निवेदिका फोनवरून वाचत होती. माझी तपश्चर्या, माझं आजारपण आणि त्यावर माझ्या सुरांनी मिळवलेला विजय. मी पडद्यामागे उभी राहून माझ्याच विजयाची ती पोपटपंची ऐकत होते आणि मला अंगावर पाल पडल्यासारखं होत होतं.

मी स्टेजवर आले. दिवा तोंडावर. हातात मेलेला माइक. गाणं सुरू झालं. ध्रुवपद मी चोख हलवलं, हातही नेहमीसारखा फिरवला. तिसऱ्या रांगेत नवरा फोन उंच धरून बसला होता. अंतरा आला. या अंतऱ्यात तार सा लावण्याआधी श्वास घ्यावाच लागतो, बाईंनी तो श्वास माझ्याकडून कितीदा घोटवून घेतला होता. मी सवयीने छाती भरली. वरून येणाऱ्या त्या मुद्रित आवाजाने श्वास घेतलाच नाही. अध्यक्षांनी तोही डिफेक्ट समजून काढून टाकला होता. तो आवाज श्वासाशिवाय सरळ वर चढला, गुळगुळीत, न थकता, आणि मी छातीत अडकलेला श्वास घेऊन तिथे उभी. त्या क्षणी मला जी किळस आली तशी आयुष्यात कशाचीच आली नव्हती. हे माझ्या नावावर कोण गातंय?

मी तोंड मिटलं.

गाणं चालूच राहिलं. मी ओठ घट्ट मिटून, हात खाली सोडून उभी होते आणि माझा आवाज डोक्यावरून सभागृहभर हिंडत होता. मी वाट बघितली. आता कुणीतरी ओरडेल, कुणीतरी हसेल, निदान कुणीतरी शेजारच्याला कोपर मारेल. पहिल्या रांगेतल्या काकू खोक्याचं झाकण उघडून चटणी शोधत होत्या. त्यांच्या शेजारचे काका मान डोलावत होते, मुलांच्या डोळ्यांवर फोनचा निळा उजेड. विंगेत अध्यक्ष घायकुतीला येऊन स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवत होते, "तोंड! वहिनी, तोंड!" एवढ्या मोठ्या सभागृहात माझं तोंड फक्त त्या एका माणसाला दिसत होतं. आणि माझा नवरा फोनच्या पडद्यात बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर तो भाव आला होता. जत्रेतला. मी ज्यासाठी हे सगळं केलं तो चेहरा माझ्यासमोर होता आणि तो मिटल्या तोंडाच्या बाईसाठी होता.

टाळ्या झाल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोर!" आणि अध्यक्षांनी, त्या धन्य माणसाने, अंतरा पुन्हा लावला. अगदी तोच. तीच हरकत, तीच जागा, तोच न घेतलेला श्वास. मी दुसऱ्यांदाही तोंड उघडलं नाही. टाळ्या आधीपेक्षा जास्त झाल्या.

खोक्यांच्या रांगेत त्या चटणीवाल्या काकूंनी माझा हात धरला. "काय गं आज आवाज लागला! जखम भरली बघ." मी हो म्हटलं, वडा घेतला आणि तो कचऱ्याच्या डब्यात टाकला. गाडीत बसल्यावर नवऱ्याने लगेच किल्ली फिरवली नाही. चष्मा काढून पुसला. "तुझा आवाज परत आला गं," तो म्हणाला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. पार्किंगमध्ये एक माणूस जेवणाची चार खोकी छातीशी धरून पळत होता.

मंगळवारी संध्याकाळी लेकीचा फोन आला. वडिलांनी तिला कौतुकाने व्हिडिओ पाठवला होता. फोन स्पीकरवर होता, मी पोळ्या लाटत होते.

"बाबा, डिड यू इव्हन वॉच धिस?"

"म्हणजे? मीच तर शूट केलाय."

"आईचं माउथ क्लोज्ड आहे. लाइक, स्टार्टिंगचं सोडून होल टाइम. साँग चाललंय अँड शी इज जस्ट स्टँडिंग देअर."

"लॅग असेल गं, चित्र मागे पडत असेल. फोन जुना झालाय."

"बाबा. इट्स नॉट लॅग. प्लीज, वॉच इट."

त्याने टेबलाशी बसून व्हिडिओ लावला. मग परत लावला. तिसऱ्यांदा आवाज बंद करून लावला. पोळी तव्यावर करपली तरी मी हलले नाही. लेक म्हणाली, "आई, आर यू ओके?" मी म्हटलं, "नंतर बोलते बाळा," आणि फोन बंद केला. मग मी त्याला क्लॉझेटपासून सगळं सांगितलं. पैठण्या, मोजे, सुराचं मी बघतो, सगळं.

त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. मग विचारलं, "म्हणजे आवाज अजून..."

"आवाज आहे तसाच आहे. फाटका. तुला तो ऐकायचाच नव्हता. त्या मेल्याचा चालतो तुला, माझा नाही चालत."

"मला वाटलं तुला त्रास होईल. म्हणून मी विषयच काढला नाही."

"मला नाही, तुला त्रास होतो. फरशीकडे काय बघतोस? आत्तासुद्धा फरशीकडेच बघतोयस."

तो फरशीकडेच बघत होता. बोलणं तिथेच संपलं. पुढचे दिवस आम्ही एकमेकांना मीठ दे, चाव्या दे, एवढंच बोललो.

शनिवारी मी पोहे भिजवले. तो सवयीने उठला, ब्रश घेतला, रेकॉर्ड पाकिटातून काढली. मी गॅस बंद करून दिवाणखान्यात गेले आणि त्याच्या हातातून ती काढून घेतली. "आज हा खाकरणार नाही," मी म्हटलं. "आज मी."

पट्टी खाली उतरवता आली असती. मुद्दाम नाही उतरवली. तानपुऱ्याचं ॲप लावलं आणि त्याच जुन्या पट्टीत तेच भावगीत सुरू केलं. ध्रुवपद घोगरं पण नीट गेलं. अंतऱ्याआधी मी श्वास घेतला, मोठा, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा. वर गेले आणि आवाज फुटला. त्या दारुड्याच्या दसपट वाईट फुटला. मी थांबले.

तानपुरा वाजत राहिला. नवरा हातात ब्रश धरून उभा. त्याची मान खाली वळायला लागली, आणि माझ्या कानात ते खट्‌ वाजणार असं मला स्पष्ट वाटलं. मी त्याच्याकडे बघत राहिले. एकदा तरी म्हण. दर शनिवारी परक्याला म्हणतोस. त्याचे ओठ हलले आणि आवाज काही आला नाही. मग मीच म्हटलं, मोठ्याने, स्वतःला. "टेक युवर टाइम, हनी."

म्हटलं आणि मला हसू आलं. खरंच आलं. मी पुन्हा अंतरा धरला, पुन्हा त्याच जागी गेले, पुन्हा फुटला. या वेळी मी थांबणार नव्हते, पण श्वासच पुरला नाही. मी वाकून गुडघ्यांवर हात ठेवले.

"सावकाश," तो म्हणाला. इतक्या हळू की तानपुऱ्याखाली जवळजवळ बुडालं. त्याने मान वर केली होती, त्याच्या चेहऱ्यावर जत्राबित्रा काही नव्हती, नुसता घाबरलेला एक माणूस होता आणि तो माझ्याकडे बघत होता. "सावकाश घे. मी कुठे चाललोय?"

"आता सुचलं तुला?" मी म्हटलं. "दोन वर्षं लागली! बस खाली. आणि ब्रश ठेव तो."

तो बसला. मी तिसऱ्यांदा श्वास घेतला.